भरलेली ट्रॉली आणि डिझेलचा हिशेब

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: धान वाहतुकीत ट्रॅक्टर डिझेल फार खातो, काय करावं? आज तेवढंच बोलू.

तिकडे अमेरिकेत लोक पिकअप गाडीच्या मागे चाकांवरचं अख्खं घर जोडून सुट्टीला निघतात. त्यांची डोकेदुखी वारा. घराचा सपाट चेहरा शंभरच्या वेगाने हवा कापत जातो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरावरून ऐंशीवर आलात तर हा विरोध ३६ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून त्यांना पहिला सल्ला असतो, हळू चालवा. आपल्याकडे तणसाने डोंगरासारखी भरलेली पिकअप हायवेवर पळवणाऱ्याला हाच सल्ला लागू आहे. ट्रॅक्टरचं गणित मात्र वेगळं. पंचवीसच्या वेगाला वारा काय करणार? आपलं डिझेल खातो रस्ता.

जरा आकडे मांडू. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि धान मिळून समजा ८ टन. चांगल्या डांबरी रस्त्यावर एक टन ओढायला साधारण २० किलोचा जोर लागतो. म्हणजे एकूण १६०. हीच ट्रॉली ओल्या, मऊ पांदणीत घातली की टनामागे ८० ते १०० किलो लागतात. एकूण आठशेच्या घरात. म्हणजे बांधीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची एक किलोमीटर पांदण ही चार-पाच किलोमीटर डांबरी रस्त्याएवढं डिझेल पिते, आणि चाक घसरलं तर त्याहून जास्त. आता तुमच्या गावापासून खरेदी केंद्र पाच-सहा किलोमीटर असेल, तर निम्मं डिझेल गावाच्या शिवेतच संपतं की!

म्हणून माझं मत असं आहे की ट्रॅक्टरमध्ये काही करायच्या आधी पांदणीकडे बघा. सगळी पांदण खराब नसतेच. शे-दोनशे मीटरचा एक तुकडा असतो, जिथे नहराचं पाणी झिरपतं आणि दरवर्षी तिथेच ट्रॉल्या फसतात. दिवाळीच्या आधी तिथे पाणी काढून दहा-बारा ट्रॉल्या मुरूम टाकला तर तो खर्च त्या हंगामातच पुष्कळसा निघतो. शेत पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना असते, तिच्यासाठी ग्रामपंचायतीत पाठपुरावा कराच. पण योजनेची वाट बघत धान बांधीत ठेवता येत नाही. पाच घरांनी वर्गणी काढली तरी तो तुकडा होतो.

आता गिअर. रिकाम्या-भरल्या कुठल्याही ट्रॉलीला खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळवत नेणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील. त्यांना वाटतं इंजिनला आराम आहे. उलट आहे. इंजिन जितके जास्त फेरे मारतं, तितकं डिझेल स्वतःचेच पिस्टन आणि पंप फिरवण्यात जातं. तोच वेग वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर मिळत असेल तर तो घ्या. दोन हजारांऐवजी चौदाशे-पंधराशेवर गाडी सुरळीत ओढते का बघा. धूर काळा झाला, ठोक्याचा आवाज आला, किंवा हातातला थ्रॉटल वाढवूनही वेग वाढेना, तर समजा गिअर फार वरचा झाला. एक खाली या. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९२० पासून ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, तिथेही हेच दिसत आलं आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुधनीला सरकारी चाचणी केंद्र आहे. ट्रॅक्टर घेणार असाल तर शोरूमवाल्याच्या मायलेजच्या गोष्टी ऐकण्यापेक्षा त्या मॉडेलचा बुधनीचा अहवाल मागा. कुठल्या लोडला किती डिझेल लागलं ते त्यात लिहिलेलं असतं.

आणि हो, न्यूट्रल. कारध्याच्या पुलाचा उतार असो की लाखनी-साकोलीचा उड्डाणपूल, उतार आला की गिअर काढून सोडायची सवय आपल्याकडे फार आहे. डिझेल वाचतं म्हणतात. नाही वाचत! गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण खाली केला की चाकंच इंजिनला फिरवतात आणि गव्हर्नर डिझेल जवळपास बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतः चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे वाचवायला गेलात आणि वर इंजिनचा ब्रेकही घालवला. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सहा टन माल मागून मुंडीला ढकलत असतो. ट्रॉली आडवी होऊन मुंडीला घेऊन पलटते, ती अशीच. घरच्या पोराच्या हातात स्टिअरिंग देता ना? त्याला ही गोष्ट आधी सांगा.

टायरचं थोडक्यात सांगतो. चिखलणीला हवा कमी ठेवलेली असते, आणि नोव्हेंबरात त्याच हवेवर रस्त्याची वाहतूक सुरू होते. कंपनीच्या पुस्तकात शेतासाठी आणि रस्त्यासाठी वेगवेगळा दाब दिलेला असतो, तो बघून भरा. ट्रॉलीच्या टायरला कोणी विचारतच नाही. सहा टन त्यांच्यावर असतात, जास्तीत जास्त दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो. एकदा रिकामी ट्रॉली जॅकवर उचलून चाक हाताने फिरवा. दोन-चार फेरे मोकळं फिरलं पाहिजे. घरघर आली तर बेअरिंगला ग्रीस हवं. टायर एकाच बाजूने झिजत असेल तर डांडी किंवा एक्सल वाकलेला आहे, आणि ती ट्रॉली रस्त्यावर तिरकी घासत चालली आहे. टायरातलं पाणी वाहतुकीच्या हंगामात काढावं का? पूर्ण रस्ता डांबरी असेल तर काही क्विंटलचं मेलेलं वजन वाचतं. पांदणीतून निघायचं असेल तर राहू द्या, पकड लागते. केजव्हील मात्र बांधीतच काढून ठेवा, ती डांबरावर चालवली की आपलाच रस्ता फाटतो.

कट्टे भरताना माल एक्सलच्या किंचित पुढे येऊ द्या. थोडं वजन हुकावर आलं की मागची चाकं जमीन धरतात, घसरणं कमी होतं. फार पुढे घेतला तर मुंडीचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग लागत नाही. ते घरवाले अमेरिकनसुद्धा हुकावर १० ते १५ टक्के वजन ठेवतात. पण एक फेरी वाचवायला ट्रॉलीवर आणखी पोती रचू नका. त्या वाचलेल्या डिझेलची किंमत ब्रेकवर मोजावी लागते. मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा. रात्री धुक्यात उभी ट्रॉली दिसत नाही हो.

सगळ्यात सोपी बचत खरेदी केंद्राच्या रांगेत आहे. रांग पाच तासांची, आणि इंजिन चालूच. उभ्या ट्रॅक्टरला तासाला लिटरच्या आसपास डिझेल लागतं. मी एका पोराला म्हटलं, बंद कर ना बाबू. तो म्हणाला, "दादा, बंद केला तर सेल्फ उचलत नाही, मग धक्का कोण मारणार?" खरं कारण हे असतं! आळस नाही, बॅटरी. जुनी बॅटरी चालवून आपण चार पैसे वाचवतो आणि हंगामभर रांगेत डिझेल जाळतो. तसंच गळतीचं. पाइपच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा, तासाला १८० मिलिलिटर झाले. दिवसरात्र गळलं तर चार लिटरच्या वर.

२०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. डिझेल ९० रुपये धरलं तर एक क्विंटल धान म्हणजे सव्वीस लिटर. हंगामात सव्वीस लिटर वाचले, तर घरात एक क्विंटल जास्त पिकलं असं मी धरतो. भाड्याने वाहतूक करणाऱ्याचा तर सगळा नफाच तेवढ्यात असतो.

आणि रिकामी परत येणारी ट्रॉली? धान टाकून येताना खत आणा, मुरूम आणा, शेजाऱ्याच्या विटा आणा. आधी दोन फोन करायला लागतात, बस्स.

किती वाचलं ते कळायला एक वही ठेवा. टाकी तोंडापर्यंत भरा, फेऱ्या, अंतर आणि पोती लिहा, आठ दिवसांनी पुन्हा त्याच पंपावर, सपाट जागी, तोंडापर्यंत भरा. एका वेळी एकच गोष्ट बदला. या आठवड्यात गिअर, पुढच्या आठवड्यात हवा. तुमचे आकडे पाठवा, लाखांदूरचे, पवनीचे, तुमसरचे. रस्ते वेगळे, माती वेगळी, त्यामुळे ते जुळणार नाहीत, आणि मला तेच बघायचं आहे. पुढच्या भागात चिखलणीचं डिझेल.