सुट्टीतली तालीम

सुट्टी लागली की आमच्या माढा तालुक्यात दोन गोष्टी एकदम वाढतात. एक ऊन आणि दुसरी पोरांची भांडणे. उन्हाला इलाज नाही. पारा चाळिशीच्या पुढे गेला की म्हातारी माणसे सोप्यात आडवी होतात. पोरांचे तसे नाही. शेवटचा पेपर झाल्यावर दोन दिवस ती खूष असतात आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या उरावर बसतात. आईबाप तर दिवसभर रानात!

म्हणून काही वर्षांपूर्वी, तालुक्यातल्या एका गावी मास्तर असताना, मी सुट्टीत मुलांसाठी लाठीकाठीचा आणि मल्लखांबाचा वर्ग काढला. एक पालक मला तोंडावरच म्हणाले, "गुरुजी, ही पोरं आधीच मारामाऱ्या करत्यात, आन् तुम्ही त्यांच्या हातात काठी देताय?"

श्रोतेहो, प्रश्न खोटा नव्हता. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या गळ्यात आला. हौसेने मी एकदम चाळीस मुलांच्या हाती काठ्या दिल्या होत्या. एकाची काठी फिरली ती शेजारच्याच्या भुवईवर. तीन टाके पडले. बोटभर खाली लागती तर डोळा जाता. त्याची आई आली, पण मला काही बोलली नाही. पोराचे तोंड पदराने पुसून त्याला घेऊन गेली. चूक माझी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या काठ्या कपाटात गेल्या. आठ दिवस नुसते जोर, बैठका आणि पवित्रा. पवित्रा म्हणजे पाय कुठे, नजर कुठे, वजन कोणत्या पायावर, हे ठरवून उभे राहणे. मग काठ्या आल्या, पण एका वेळी चौघांनाच. हात लांब करून धरलेल्या दोन काठ्यांची टोके एकमेकांना लागता कामा नयेत, इतके अंतर. मी "थांब" म्हटले की काठी जिथे असेल तिथे थांबली पाहिजे. ज्याची थांबली नाही त्याने त्या दिवशी बसून पाहायचे. काठी मुलाच्या हनुवटीइतकी उंच, पेरे घासून गुळगुळीत केलेली. दुपारी ओसरीच्या सावलीत भाकरी खाऊन झाली की मुले काठ्यांना करडईचे तेल चोळीत बसत. मैदान फक्त सकाळी सहा ते साडेआठ आणि ऊन उतरल्यावर.

शिक्षक बंधुभगिनींनो, मोठ्यांची विद्या मुलांना जशीच्या तशी देता येत नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर कराटे ही विद्या १९०१ च्या सुमारास शाळांतून सुरू झाली ती अंको इतोसू यांच्या खटपटीने. जुने लांबलचक पाठ पोरांना झेपायचे नाहीत, हे ओळखून त्यांनी पाच सोपे पाठ बांधून दिले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली टोकियोत या विद्येचे प्रात्यक्षिक केले, आणि तिथेच राहून ती शिकवली. तेही मूळचे शाळामास्तरच, बरे का! आज शहरोशहरी सुट्टीत कराटेचे वर्ग निघतात, पोरे रंगीत पट्टे बांधून मिरवतात. त्याला माझी ना नाही. पण पट्ट्याची फी भरायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याच्या गावात तालमीची खोली असते, हे आपण विसरतो. फक्त हौद्यातली माती कोणी उकरत नाही आणि कोपऱ्यात खताची पोती रचलेली असतात.

भांडखोर पोराला मी आधी मल्लखांबावर घालतो. खांबाला कितीही झोंबा, खांबाला लागत नाही. चूक झाली तर आपणच घसरतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या वाढवली. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान आखाड्याच्या मंडळींनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. खांबाखाली मऊ माती आणि बाजूला एक जाणते माणूस मात्र हवेच.

मुलींचे काय? पहिल्या वर्षी एकही आली नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या बाई मैदानावर उभ्या राहू लागल्या आणि अकराजणी आल्या. मी आधी बाईंना विचारायला हवे होते, एवढेच.

शेवटच्या दिवशी आम्ही लिंबाच्या फांदीला दोऱ्याने एक कोवळी डहाळी टांगली. काठी पूर्ण वेगाने फिरवायची आणि डहाळीपासून चार बोटांवर रोखायची, पान हलता कामा नये. पाचवीतल्या एका मुलीने तीनदा रोखली. भुवईवर वण असलेल्या त्या मुलाने दोनदा. काठीला नावे ठेवणारे ते पालक कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "मारायचंच न्हाई, तर शिकायचं कशाला? ह्यात काय अवघड हाय?" मी काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी धोतर खोचले, पवित्रा घेतला, काठी फिरवली आणि डहाळी दोऱ्यासकट पलीकडच्या बांधावर जाऊन पडली. पोरे खो खो हसली. तेही हसले, मग दुसरी डहाळी आणायला स्वतःच गेले.