आप्पांच्या गाडीचं इंजिन
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



बी विंगखाली ताडपत्रीत झाकलेली लाल गाडी कोणाची, असं मुलं विचारतात. ती माझ्या थोरल्या बंधूंची, आप्पांची, एमजीए. आप्पा गेले त्याच वर्षी तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला.

मुलगा म्हणाला, "बाबा, जपानी इंजिन टाकू, पळेल." मेकॅनिकने एमजीबीचं १७९८ सीसीचं सुचवलं. ताकद जास्त, पण परदेशातून मागवायचं. मी आकडेमोड करत बसलो. मग कळलं, मूळचं १४८९ सीसीचं इंजिन आणि आमच्या मॅनेजरसाहेबांच्या जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं! तसलंच एक भंगारातून आणलं, बोअर आणि क्रँक मोजून घेतले, आप्पांचे दोन कार्ब्युरेटर त्यावर चढवले. आरटीओची परवानगी काढून आरसी बुकात नवा इंजिन नंबर घातला. तडकलेला ब्लॉक मात्र विकला नाही. मूळ नंबराला मोल असतं.

गाडी सुरू झाली तेव्हा वहिनी गॅलरीत आल्या. बोलल्या काही नाहीत. खाली येऊन शेजारच्या सीटवर बसल्या.

मुलांनो, रविवारी या, बॉनेट उघडून दाखवतो.