सुई उचलताना

मोबाइलवर लाखो गाणी असताना २०२२ साली अमेरिकेत सीडींपेक्षा व्हिनाइलच्या रेकॉर्डच जास्त विकल्या गेल्या. मला त्याचं नवल वाटत नाही.

आमच्या घरी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईची एल.पी. होती. एक बाजू वीसेक मिनिटांची. संपली की उठून पालटायची. मगरिबची अजान सुरू झाली की अब्बा हलकेच सुई उचलत. शेवटच्या वर्षांत त्यांचा हात थरथरू लागला आणि एके संध्याकाळी रेकॉर्डवर ओरखडा उमटला. तेव्हापासून सुई तिथं अडखळते.

आज तीच सनई मोबाइलवर निर्मळ वाजते. पण ती जागा आली की मी त्या अडखळण्याची वाट पाहतो. ते येत नाही. मग उठतो, रेकॉर्ड लावतो. अब्बांचा हात तिथंच आहे.