दाराची कडी

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं देणारं. माझे मामू त्याच तालुक्यातले. १९७१ची लढाई पाहून आलेले. दिवाळीत फटाका वाजला, की दिवा मालवून भिंतीला पाठ लावून बसायचे. पुढं रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मीच त्यांना दवाखान्यात न्यायचो. डॉक्टर विचारायचे, "झोप लागते का?" मामू ताठ बसून सांगायचे, "लागते, साहेब." घरी मामी म्हणायची, "रात्रीतून चारदा उठून दाराची कडी बघतात."

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, अमेरिकेनं माजी सैनिकांच्या रुग्णालयांतच मानसशास्त्रज्ञ घडवायला सुरुवात केली. आजही तिथं डॉक्टरेट करणारे अनेक विद्यार्थी जाणत्यांच्या देखरेखीखाली वर्षभर सैनिकांत काढतात. आपल्याकडे माजी सैनिकांसाठी २००३ साली अंशदायी आरोग्य योजना आली. तिचा दवाखाना कोल्हापुरातही आहे. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत मनाचे आजार रुग्णांमध्ये राहूनच शिकवतात. त्या शिक्षणातले काही महिने अशा दवाखान्यातल्या बाकावर गेले तर?

मी साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला एवढंच कळतं, की "झोप लागते का?" हा प्रश्न पुस्तकात सापडतो. "रात्री कडी किती वेळा बघता, मामू?" हा प्रश्न शेजारी बसल्यावरच सुचतो. मलाही तो सुचला, पण मामू गेल्यावर.