खाते तिचे, कार्ड कुणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



नव्याने कॉलेजात आलेल्या मुलींसाठी आपण ‘पैशाचे नियोजन आणि अभ्यासाची पद्धत’ असे शिबिर घेतो. पहिल्या शिबिरात मी फळ्यावर जमाखर्चाचा तक्ता काढला आणि प्रत्येकीला आपापला तक्ता भरायला सांगितले. बराच वेळ कुणी काही लिहीना. शेवटी एक मुलगी म्हणाली, “ताई, पैसे हातात आले तर लिहीन ना!”

तिच्या नावावर शिष्यवृत्तीचे खाते होते. पण कार्ड वडिलांकडे आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर भावाचा. रक्कम आली कधी, गेली कधी, हिला पत्ताच नाही. फी थकली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडला, तेव्हा कळले. फॉर्मचे पैसे गटातल्या बायकांनी उसनवारीने उभे केले. कार्ड तिच्या हातात यायला मात्र सात महिने लागले.

माझी चूक मला तेव्हा उमगली. काटकसर या मुलींना शिकवावी लागत नाही; चहा टाळून त्या एसटीचे पैसे वाचवतातच. हा पैसा माझ्या शिक्षणाचा आहे आणि त्याचा हिशेब मी विचारणार, एवढे म्हणायचे बळ त्यांना हवे असते.

म्हणून आता आपण खात्यापासून सुरुवात करतो. शाळेत असताना उघडलेले खाते बहुधा पालकांच्या सहीने चालते. १८ वर्षे पूर्ण झाली की कागदपत्रे देऊन ते स्वतःच्या सहीवर करून घ्यायचे, स्वतःचा नंबर जोडायचा. नवे खाते हवे असेल तर बेसिक बचत खाते मागायचे. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात जमा होते, तेव्हा आपले आधार नेमके कोणत्या खात्याला जोडले आहे, हेही बँकेत विचारायचे.

मग तक्ता. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो; तेरावीला तो खर्च अंगावर येतो. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पण खोलीभाडे, खानावळ आणि पुस्तके त्यात येत नाहीत. ‘शिक्षण फुकट झाले’ असे घरी समजतात आणि मुलगी वह्यांना पैसे मागायला संकोचते. महिन्याचा तक्ता घरी दाखवला की बोलणे सोपे जाते.

अभ्यासाचेही असेच आहे. कालचे २४ तास लिहा म्हटले, तर पाणी, स्वयंपाक, भांडी, एसटीची वाट यांतच पान भरते. अभ्यासाला उरतो रात्रीचा पाऊण तास, तोही पेंगत. तिला ‘वेळापत्रक करा’ असे नुसते सांगणे ही थट्टाच. थोड्या वेळात जमेल अशी रीत द्यावी लागते. तोच धडा चारदा वाचण्याऐवजी एकदा वाचून पुस्तक मिटायचे, आठवेल ते लिहायचे, मग चुकले-राहिले ते तपासायचे. दोन दिवसांनी, आठवड्याने पुन्हा तेच करायचे. इंग्रजी पुस्तक असेल तर मुद्दा आधी मराठीत एकमेकींना सांगायचा. एसटीतही हे जमते.

पण रीत कितीही चांगली असली, तरी वेळ घरानेच द्यायचा असतो. म्हणून शिबिराचा शेवटचा अर्धा दिवस पालकांसाठी ठेवा. मुलींनी लिहिलेले २४ तास, नावे न घेता, त्यांच्यासमोर वाचा. एका बैठकीत एक आई म्हणाली, “माझाही दिवस लिहून घ्या.” ती तिथे असती-नसती, तर आमचे भाषण फुकट गेले असते.

यंदा प्रवेश सुरू झाले की प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या मुलींना घेऊन बँकेत जावे, ही विनंती. आणि निघण्यापूर्वी आपणही आपापली पर्स उघडून पाहावी. आपले कार्ड आपल्याकडे आहे ना?