प्रश्न कोणी विचारायचा?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



‘धर्मशिक्षण आणि संवाद’ हा विषय मला देण्यात आला, तेव्हा मी थोडा बिचकलो. मी मराठी साहित्याचा अध्यापक. धर्मशास्त्रात मला काही अधिकार नाही. परंतु विचार करू लागलो तेव्हा जाणवले, की आपल्या भाषेत धर्म शिकवला गेला तो पुष्कळसा संवादातूनच. अर्जुनाने विचारले म्हणून गीता झाली, आणि ज्ञानेश्वरांनी त्या संवादाभोवती आपल्या श्रोत्यांशी चाललेला दुसरा संवाद उभा केला. दासबोध हा गुरुशिष्यांचा संवाद आहे, हे समर्थ पहिल्याच समासात सांगून टाकतात. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात तर दोघे आधी कडाडून भांडतात, एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढतात आणि मग समेटाला येतात. भांडण आधी आणि समेट नंतर, हा क्रम ध्यानात असू द्यावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आपल्या गोमंतकाच्या मातीतले उदाहरण घ्यायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’खेरीज दुसरे नाव सुचत नाही. हा इंग्लंडचा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. मधली चाळीस वर्षे बहुतांशी सासष्टीत गेली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींची एकही प्रत आज हाती लागत नाही. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून रोमन लिपीतच ते पुन्हा छापले. देवनागरीत ते आपल्यासमोर आले १९५६ मध्ये, पुण्याच्या शांताराम बंडेलू यांच्यामुळे. भाषेचे कौतुक पुष्कळांनी केले आहे, ते मी आज करीत नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या आरंभाविषयी.

सासष्टीत नवख्रिस्ती मंडळींना दोतोर्न शिकवली जात आहे. ऐकणाऱ्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो, की आपण शिकवता ते चांगलेच आहे, पण आमची जुनी पुराणे आता बंद झाली. त्या जागी मनाला विरंगुळा देणारे, ऐकत बसावे असे काही आम्हांला मिळाले तर बरे होईल. या मागणीतून पुराण सुरू होते.

आता याच लेखकाचे दुसरे पुस्तक पाहा. त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघालेली कोंकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’. तीही संवादरूपच आहे. पण त्या घाटाच्या प्रश्नोत्तरीत प्रश्न गुरूचा असतो आणि पाठ केलेले उत्तर शिष्याचे. पुराणात मात्र ऐकणारा काहीतरी मागतो आणि गुरूला आपली सारी विद्या पणाला लावावी लागते. लेखक एक, गाव एक, श्रोतेही जवळजवळ तेच. फरक इतकाच, की तोंड आधी कोणी उघडले. धर्मशिक्षणाची कसोटी मी या एका गोष्टीवर लावू लागलो आहे. अर्थात पुराणातला तो ब्राह्मणही लेखकानेच बोलता केला आहे, हे मी विसरत नाही. पण त्याला बोलते करावेसे वाटले, हेही खरेच.

यात काय दडले आहे, हे मला पुस्तकातून कळले नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी बी.ए.च्या वर्गात मी हा भाग शिकवीत होतो. एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने ओव्या फार सुरेख वाचल्या. मी खूष होऊन ‘दोन संस्कृतींचा गोड संगम’ वगैरे बोलू लागलो. इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. त्याचे मूळ गाव सासष्टीत, कुलदेवता फोंडा महालात. तो म्हणाला, “सर, पुराणे बंद झाली असं तो म्हणतो. ती बंद कोणी केली? आमचा देव रात्रीचा नदीपार नेला, असं आजी सांगते. मग हे गोड कसं?”

वर्गात शांतता पसरली. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “तो इतिहासाचा प्रश्न आहे, आपल्या अभ्यासक्रमात नाही.”

उत्तर मला ठाऊक होते. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारले आणि नंतर गावकऱ्यांना बोलावून ठार करण्यात आले. त्या जेझुइटांच्या मृत्यूविषयी पत्र लिहिणारा स्वतः स्टीफन्सच होता. हे सारे ठाऊक असून मी गप्प राहिलो, कारण समोर ती मुलगी बसली होती. तिला वाईट वाटेल, असे मी माझ्या मनाला सांगितले. वस्तुतः मला माझ्या वर्गातली शांतता प्रिय होती.

तास संपल्यावर ती मुलगीच माझ्याकडे आली. “सर, तुम्ही त्याला उत्तर द्यायला हवं होतं,” ती म्हणाली. “आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. मलाही ऐकायचं होतं. त्याचे लोक गेले, आमचे राहिले. कदाचित एकाच घरातले असतील.”

पुढच्या तासाला मी दोघांची क्षमा मागितली आणि पुस्तक मिटून ठेवले. त्या दिवशी वर्गात भांडण झाले, हे मी लपवीत नाही. एकाने बाटाबाटीचा हिशेब मांडला, दुसऱ्याने जातीचा काढला. देऊळ पडण्याआधी त्या देवळात सर्वांना प्रवेश होता का, हा प्रश्न ज्याने विचारला तो कोणत्याच बाजूचा नव्हता. त्याला उत्तर द्यायला बाकीच्यांना बराच वेळ लागला. मग मी एक काम दिले. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारायचे, की तुम्ही कोणाच्या देवाला नवस बोलला होता, आणि का. कोणाकडे म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला तेल घालणाऱ्या हिंदू आज्या निघाल्या. कोणाकडे फातर्प्याच्या शांतादुर्गेची छत्री कुंकळ्ळीला येते तेव्हा वाट पाहणारे ख्रिस्ती आजोबा निघाले. बारा वांगडांच्या त्या बारा छत्र्यांमागे आजही दोन्ही धर्मांचे लोक चालतात, हे आपण सारे जाणतोच. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने लिहून आणले, की आजी मूळ गावी गेली म्हणजे एका ख्रिस्ती घराच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून येत असे. का, ते तिने कधी सांगितले नव्हते. त्यानेही कधी विचारले नव्हते.

आपल्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माची शिकवण देऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण धर्माची शिकवण वेगळी आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे, हा भेद कोठारी आयोगाने १९६६ मध्येच केला होता. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नाही असे म्हटले. वाट मोकळी आहे. आम्ही मात्र सर्वधर्मप्रार्थनेवर समाधान मानतो. व्यासपीठावर पाच मुले पाच धर्मांच्या प्रार्थना म्हणतात, टाळ्या पडतात, आणि कोणी कोणाला काही विचारीत नाही. ही कविसंमेलनातली दाद झाली. नाथांच्या हिंदू-तुर्कांनी निदान एकमेकांचे ऐकून घेण्याइतके भांडण केले होते.

पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदूंना मोकळा श्वास मिळाला. मराठी शाळा आणि वाचनालये त्यानंतर फोफावली. त्या पिढीने ग्रंथ जमवताना बायबल आणि ज्ञानेश्वरी एकाच कपाटात ठेवण्याचे धैर्य दाखवले. या ग्रंथालयात बंडेलूंच्या आवृत्तीची एक प्रत आहे. परवा ती मी पुन्हा पाहिली. आरंभीच्या त्या प्रसंगाशेजारी समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे, आणि त्याखाली निराळ्या हस्ताक्षरात ‘मलाही’ एवढाच शब्द आहे. पुस्तकात खुणा करणाऱ्यांवर आपले ग्रंथपाल रागावतात, आणि त्यांचा राग रास्तच आहे. शताब्दीनिमित्त जुन्या पुस्तकांची साफसफाई आणि बांधणी चालू आहे, असे ऐकतो. त्या एका पानाला खोडरबर लावू नये, एवढी विनंती करतो आणि आपला निरोप घेतो.