तळहाताचा घाम : दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि संमतीपत्र



सातारा-सांगलीकडून येणारी काही मुले हाताखाली रुमाल ठेवून परीक्षा देतात. एरवी उत्तरपत्रिका भिजते. हा भित्रेपणा नव्हे, विकार आहे. काखेजवळील बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून छातीतील अनुकंपी मज्जातंतूची साखळी दुसऱ्या ते चौथ्या बरगडीदरम्यान तोडली, की हात बहुधा लगेच कोरडे होतात. मी वाणिज्य शाखेचा. जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहतो. पुष्कळांना पुढे पाठीपोटावर घाम वाढतो, तोडलेला तंतू पूर्ववत होण्याची खात्री नसते. उसाच्या फडात राबणाऱ्याला हे जड जाते. म्हणून आधी अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडचे द्रावण, पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह. धर्मादाय निधी त्यानंतरच. संमतीपत्रातील घामाची ही ओळ नातेवाइकांना मराठीत वाचून दाखवावी, असा माझा आग्रह आहे.